ओळ नंबर दोनशे पस्तीस

मला स्थळं यायला लागली तेव्हा पाहुण्यांना काय सांगायचं, हा आमच्या घरात मोठा प्रश्न होता. शिक्षिका, नर्स, टेलिफोन ऑपरेटर, एवढी उत्तरं लोकांना कळत. "मुलगी कॉम्प्युटरवर असते," म्हटलं की पाहुणे आदरानं मान हलवत, चहाचा कप खाली ठेवत आणि विचारत, "म्हणजे नेमकं काय करते?" मग माझा मोठा भाऊ, दादा, सरसावून उत्तर देई, "गावात कोणाची केळी कधी कापायची, ते मशीनला सांगते." पाहुणे विचारत, "आणि मशीन काय करतं?" दादा गंभीर चेहऱ्यानं म्हणे, "तेच परत आपल्याला सांगतं." दोन चांगली स्थळं या उत्तरानं गेली असं आई म्हणायची. मला त्याचं वाईट वाटलं नाही, पण दादाची व्याख्या फारशी चुकीची नव्हती हे मात्र फार उशिरा कळलं.

सॉफ्टवेअर इंजिनिअर हा शब्द तेव्हा आमच्या केळीच्या मुलखात, सावद्याच्या आसपास तरी कोणी ऐकला नव्हता. मी आमच्या गावच्या केळी सोसायटीत लागले तेव्हा माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'ऑपरेटर' असं होतं, कारण पिठाच्या गिरणीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत यंत्रापाशी बसेल तो ऑपरेटर. पुढे जळगावला गेले तेव्हा मी प्रोग्रामर झाले, मग सिस्टिम अ‍ॅनालिस्ट झाले, आणि नव्वद सालानंतर पुण्याला एका सकाळी टेबलावर नवी व्हिजिटिंग कार्डं आली तेव्हा समजलं की आपण इंजिनिअर झालो. परीक्षा नाही, काही नाही. काम तेच होतं, पाटी बदलत गेली आणि खुर्चीची पाठ उंच होत गेली.

शिकले मी धुळ्याला, आत्याकडे राहून. वर्षभराचा कोर्स, चोवीस जण आणि मशीन एक. प्रत्येकाला आठवड्यातून अर्धा तास मिळे, आणि त्यातही वीज गेली तर तो तुमच्या नशिबाचा भाग. त्यामुळे आमचे सर प्रोग्राम वहीत लिहून घेत. वहीवर बोट ठेवून, एकेक ओळ वाचत, आपणच मशीन आहोत असं समजून तो मनात चालवायचा. बोट अडकलं तर चूक. वही तपासून झाल्याशिवाय मशीनच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही, आणि ठेवायचं ते चपला बाहेर काढून. आत्याच्या सासूबाई एकदा बाजारातून येताना मला न्यायला क्लासवर आल्या. दारातून काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं बराच वेळ पाहिली आणि सरांनाच विचारलं, "हाऊ टीव्ही शे ना? मंग यामा चित्र का बरं दिखत नही?" सर म्हणाले, "आजी, अजून शिकतोय तो." सासूबाईंना ते पटलं. रस्त्यात मला म्हणाल्या, "मास्तर चांगला शे, पन टीव्ही बिघडेल शे."

आम्ही मशीनची बेसिक नावाची भाषा शिकत होतो. त्या भाषेत प्रत्येक ओळीला नंबर द्यावा लागे, आणि सर सांगत की नंबर दहा, वीस, तीस असेच टाका. एक, दोन, तीन टाकले तर? "तर मधे काही घालायची वेळ आली की रडत बसाल," सर म्हणत. "दोन ओळींच्या मधे नऊ जागा मोकळ्या ठेवायच्या. त्या तुमच्या विसरण्यासाठी." आम्ही वर्गात हसायचो. मी तर मनातून ठरवलं होतं की मी इतकं नीट लिहीन की मला एकही मोकळी जागा लागणार नाही. वय एकवीस होतं.

कोर्स करून गावी आले आणि त्याच वर्षी आमच्या सोसायटीनं कॉम्प्युटर घेतला. कारण होतं नंबरांची भांडणं. दिल्लीकडे जाणाऱ्या वॅगनी मोजक्या मिळत. त्यांच्या हिशोबानं रोज पाच बागांत कापणी व्हायची, आणि कोणत्या पाच ते सोसायटीचे सेक्रेटरी ठरवत. त्यांना सगळं गाव नाना म्हणे. नानांकडे एक लांबडं रजिस्टर होतं आणि कानावर पेन्सिल. रोज सकाळी निदान दोघे जण येऊन नानांवर डाफरत, की माझ्या मागून नोंदलेल्याचा नंबर माझ्या आधी कसा लागला? नाना शांतपणे पान उलटत, पेन्सिलीनं काहीतरी खोडत, काहीतरी लिहीत, आणि म्हणत, "लागला. तुहाबी लागीन." शेवटी पंचांनी ठरवलं की हे काम मशीनकडे द्यायचं, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको.

मी वही घेऊन नानांसमोर बसले. सरांनी सांगितलंच होतं की लिहिण्याआधी विचारा. मी विचारलं, "नाना, नंबर लावायचे नियम काय?"

"नियम एकच," नाना म्हणाले. "जो पहिले नोंदीन त्याचा पहिला नंबर."

"अजून?"

नानांनी विचार केला. "केयी कापनारी टोयी दारात आल्यावर 'आज नको' म्हनतात काही जन. भाव चढायची वाट पाहतात. त्यायचा माले लय ताप आहे."

एवढंच. दोन नियम. मी मनातल्या मनात हसले की एवढ्यासाठी हा माणूस वीस वर्षं रजिस्टर कवटाळून बसला होता. चार दिवसांत प्रोग्राम लिहिला. त्यातल्या दोनशे तीस नंबरच्या ओळीवर मी विशेष खूश होते. जो कापणाऱ्यांची टोळी परत पाठवील, त्याचं नाव ती ओळ सरळ यादीच्या तळाला नेऊन टाकी. नानांचा ताप मी एका ओळीत संपवला होता.

मशीनला मराठी येत नव्हतं आणि सभासदांना इंग्रजी, म्हणून यादीत फक्त सभासद नंबर छापायचे ठरलं. कडेला भोकं असलेल्या त्या लांब कागदावर प्रिंटर करकरत यादी छापायचा आणि मी ती दारातल्या फळ्यावर लावायचे. पहिल्या आठवड्यात गाव नुसतं बघायला येई. भांडणं एकदम थांबली. कागदाशी कोण भांडणार? लोक एकमेकांना नंबरानं हाका मारू लागले. "काय बत्तीस, कुठी चालले?" "आमचे सत्तेचायीस आले." नाना मात्र बेकार झाले. ते रोज वेळेवर यायचे, टेबलावरचं रजिस्टर फडक्यानं पुसायचे, पेन्सिलीला टोक काढायचे आणि ती परत कानावर ठेवून बसायचे. मी थट्टा करायचे, "नाना, आता पेन्सिल पेटीत ठेवा." ते म्हणायचे, "राहू दे. कान रिकामा वाटतो."

त्या उन्हाळ्यात, केळीला उन्हाची घाई सुटते त्या दिवसांत, नंबर एकोणसाठच्या घरचे आबा गेले. आबांचा मुलगा रेल्वेत, कायम बाहेरगावी. बाग सगळी आबा आणि त्यांची सून मिळून पाहत. त्या सुनेला आम्ही अक्का म्हणायचो. पाणी धरणं, बुंध्याशी फुटणारी पिलं कापणं, घडांना टेकू लावणं, सगळं अक्का करायची. आबा बांधावर बसून चुका काढायचे, आणि दोघांचंही त्यावाचून चालत नसे.

आबा गेल्याच्या पाचव्या दिवशी यादीत एकोणसाठ नंबर लागला. टोळी सकाळी बागेवर गेली. अक्का बांधावर आली, हात जोडले आणि त्यांना परत पाठवलं. मुकादमानं चिठ्ठीवर 'परत' असं लिहून ती माझ्याकडे दिली. रोजच्याप्रमाणे मी ते मशीनमध्ये भरलं. दोनशे तीस नंबरच्या ओळीनं आपलं काम केलं. आणि मी डबा उघडून जेवायला बसले.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती माझ्यावर आहे. आमच्या गावात सुतक असलेल्या घरच्या बागेत तेरावं होईपर्यंत विळा चालत नाही. हे मला माहीत होतं. मी काही बाहेरगावची नव्हते. मी नववीत असताना आमचे वडील गेले तेव्हा आमच्याही बागेत विळा चालला नव्हता. तरीही ती चिठ्ठी हातात आली तेव्हा मला एकच शब्द दिसला, आणि त्या शब्दाचं काय करायचं ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का ऑफिसात आली. फळ्यापाशी उभं राहून तिनं वरून खाली बोट फिरवलं. बोट पार तळाशी जाऊन थांबलं.

"पोरी, आमचा नंबर अठी कसा?"

मी समजावून सांगू लागले. टोळी परत गेली की नाव खाली जातं, हा नियम सगळ्यांना सारखा आहे, मशीन कोणाचं तोंड बघत नाही. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू येऊ लागला आणि तो मला आवडेना. अक्कानं मधे एकदाही अडवलं नाही.

"म्हंजे कधी?" तिनं विचारलं.

मी हिशोब केला. "बावीस दिवस."

"केयी भरली आहे," अक्का म्हणाली. "आठ दिवस काढीन. मंग झाडावरच पिवयी पडीन." पिवळी पडलेली केळी वॅगनमध्ये घेत नाहीत, दिल्लीला पोचेपर्यंत तिचा चिखल होतो. हे तिला मला सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "बरं," आणि निघाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी नानांकडे वळले. ते सगळं ऐकत बसले होते. मला रडू येत होतं, म्हणून मी चिडले.

"नाना, सुतकाचं मला आधी का नाही सांगितलं?"

"तू कुठी विचारलं?"

"मी नियम विचारले होते!"

"तो काय नियम आहे का?" नानांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "ते तं सगयायले माहीत आहे."

"मग त्या दिवशी यादीत नंबर बघून तरी बोलायचं."

नानांनी कानावरची पेन्सिल चाचपली. "म्या पाहिला. वाटलं, मशीनले माहीत असीन. तूच म्हनली होती ना, आता पेन्सिल पेटीत ठेवा."

मी म्हटलं, "ते रजिस्टर दाखवा." नानांनी ते माझ्याकडे सरकवलं. इतके महिने ते माझ्या हाताच्या अंतरावर होतं आणि मी एकदाही उघडलं नव्हतं.

प्रत्येक पानावर शाईनं लिहिलेली नावं होती आणि त्यांच्या कडेनं पेन्सिलीच्या खुणा. ठिपका, फुली, गोल, लहानशी आडवी रेघ, आणि नावापासून नावाकडे गेलेले बाण. मी एकेका खुणेवर बोट ठेवत गेले आणि नाना ओशाळून सांगत गेले. ठिपका म्हणजे सुतक. फुली म्हणजे घरात लग्न, मंडपाला केळीचे खांब लागतात, सगळी बाग आताच कापू नये. रेघ म्हणजे घरचा माणूस आजारी, बागेकडे कोणी बघणारं नाही, यांचं आधी उरका.

"आणि हा गोल?"

नाना खाकरले. "त्याच्या पोरीले पाहाले पाहुने येनार होते. बाग भरेल दिसाले पाहिजे ना. म्हनून आठ रोज मांगे घेतला."

"जमलं का लग्न?"

"जमलं. दोन पोरं आहेत तिले." नानांच्या चेहऱ्यावर त्या लग्नाचं थोडं श्रेय आपलंही आहे असा भाव होता.

मला हसू आलं, आणि हसता हसताच मी पानं मागे उलटत गेले. मी नववीत होते त्या वर्षाच्या पानावर वडिलांचं नाव होतं. त्याच्यापुढे ठिपका होता. तेराव्यानंतरच्या पहिल्याच दिवशी कापणी, अशी नोंद होती, आणि तिथून एक बाण वर जाऊन दुसऱ्या नावाला लागला होता. ज्यानं आपला त्या दिवसाचा नंबर आमच्या घराला सोडला होता त्याचं नाव. ते आबांचं होतं.

मला ती सकाळ आठवली. टोळी आली होती, आई ओट्यावर बसली होती, आणि दादा, तेव्हा कॉलेजात असलेला, कापलेले घड मोजत होता. मला वाटलं होतं आमचा नंबर लागला म्हणून टोळी आली. इतकी वर्षं तेच वाटत होतं. आबा पुढे कितीदा घरी आले, पण या गोष्टीचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही.

प्रोग्राम दुरुस्त करायचा तर वीज नव्हती, संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. पण उद्याची यादी फळ्यावर लागलेली होती, आणि उद्याच्या पाचांत चौथा नंबर आमचाच होता. मी नानांकडे हात केला. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून दिली. मी फळ्यापाशी गेले, आमच्या नंबरावर रेघ मारली आणि तळाच्या एकोणसाठापासून वरपर्यंत बाण काढला. त्या सुंदर छापील कागदावर तो बाण फार वेडावाकडा दिसत होता.

दुपारी दादा धाडधाड आला. "आपला नंबर कोनं खोडला?" मी रजिस्टरचं ते पान त्याच्यासमोर धरलं. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि रजिस्टर मिटून नानांच्या टेबलावर नीट कोपऱ्याला कोपरा लावून ठेवलं. मग नाक ओढून म्हणाला, "एवढ्या महागाचं मशीन आनलं, आन शेवटी चालते पेन्सिलीवरच."

दुसऱ्या दिवशी अक्काची बाग कापली गेली. दादा स्वतः तिथं घड वाहत होता. आमच्या केळीचं काय होणार ही धास्ती मला होतीच, पण संध्याकाळी फळ्यावर पाहिलं तर यादीभर बाण झाले होते. एकानं आम्हाला एक दिवस सोडला होता, त्याला दुसऱ्यानं, दुसऱ्याला तिसऱ्यानं. आमची केळी चार दिवसांनी गेली. कागदानं गाव काही महिने गप्प केलं होतं, एवढंच. नंबर सोडणं गाव विसरलं नव्हतं.

वीज आल्यावर मी दोनशे तीस आणि दोनशे चाळीस यांच्या मधे एक ओळ घातली, दोनशे पस्तीस. सुतक असेल तर नाव खाली न्यायचं नाही, राखून ठेवायचं, आणि तेरावं झाल्यावर सर्वांत वर आणायचं. सरांच्या नऊ मोकळ्या जागांपैकी एक लागली. पुढच्या महिन्याभरात नानांना समोर बसवून मी आणखी सहा ओळी घातल्या. पाहुण्यांसाठी बाग भरलेली ठेवण्याची सुद्धा. आणि छापील यादीत उजवीकडे एक रकाना कोरा सोडला. पंचांनी विचारलं, हा कशाला? मी म्हटलं, नानांच्या पेन्सिलीसाठी.

त्यानंतर जळगाव झालं, पुणं झालं. पुण्यात आमच्या धंद्याला रीतभात आली होती. गिऱ्हाईकाला काय हवं ते आधी जाड फाइलीत लिहायचं, त्यावर सह्या घ्यायच्या, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी. टाय लावलेले लोक मला विचारत, ही शिस्त तुम्ही कुठं शिकलात? मी धुळ्याच्या सरांचं सांगायचे, नानांचं सांगत नसे, कारण ते फाइलीत बसत नव्हतं. पण नव्या ठिकाणी काम घेतलं की मी नियम विचारत नाही. तिथल्या सगळ्यांत जुन्या माणसाचं रजिस्टर मागते आणि कडेला काय खरडलं आहे ते वाचते. माझ्या हाताखालची मुलं याला माझं खूळ समजतात.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला आई गेली. मी गावी आले. केळी उभी होती. चौदाव्या दिवशी दादाबरोबर सोसायटीत गेले. नाना कधीच निवृत्त झाले होते, मशीनही नवं होतं, पण माझाच प्रोग्राम कोणीतरी त्यात आणून बसवला होता. यादीत सर्वांत वर आमचा नंबर होता. दोनशे पस्तीस नंबरच्या ओळीनं तो तिथं आणला होता, आम्हाला कोणाकडे शब्द टाकायची गरज पडली नव्हती. मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

मग उजवीकडच्या कोऱ्या रकान्याकडे लक्ष गेलं. तिथं पेन्सिलीनं काढलेला एक बाण होता. आमच्या नंबरापासून निघून चौथ्या जागेवरच्या नंबराला लागलेला. तो नंबर एकोणसाठ होता.

"पण मशीननं आपल्याला आधीच वर घेतलं होतं," मी दादाला म्हणाले. "अक्काला नंबर सोडायची गरजच नव्हती."

"म्या सांगतलं तिले," दादा म्हणाला. "ती म्हने, मशीननं केलं ते मशीनचं. आमच्या घरचं सोडनं राहिलंच ना. पेन्सिल मागितली आन काढून गेली."